खुल्या ग्राफिक्स कार्डावर, मशीन कुठलंही असो, बूट होताना मजकूर कसा दाखवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एफपीजीएवर (आतली रचना पुन्हा आखता येणाऱ्या चिपवर) आधारित खुलं ग्राफिक्स कार्ड बनवायचं आहे. ते एक्स८६, पॉवरपीसी, स्पार्क, एआरएम, रिस्क-फाइव्ह यांपैकी कुठल्याही मशीनच्या पीसीआय किंवा पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसावं आणि वीज दिल्याबरोबर स्क्रीनवर मजकूर उमटावा. त्यासाठी आख्खं व्हीजीए (पीसीची जुनी चित्रप्रणाली) उभं करावं लागेल का? आणि प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) वेगळा रॉम, म्हणजे कार्डावर साठवलेला बूटचा कोड, लिहावा लागेल का?

आख्खं व्हीजीए लागत नाही. रॉममध्ये वेगवेगळे भाग लागतात, पण ते फार छोटे ठेवता येतात. त्यासाठी एक निर्णय अगदी सुरुवातीला घ्यायला हवा: स्क्रीन चालू करण्याचं काम रॉमवर सोपवायचं नाही, ते कार्डानं स्वतःच करायचं. पुढचं सगळं या निर्णयावर उभं आहे, म्हणून त्यामागचं कारण आधी सांगतो. पुढे जिथे अक्षर आणि अंक मिसळलेले पत्ते येतील ते हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचे) समजा.

बाजारातल्या नेहमीच्या कार्डांवर रॉममधला कोड हीच किल्ली असते. घड्याळाची वारंवारता ठरवणं, मेमरी जागी करणं, मॉनिटरशी बोलणं, मोड लावणं हे सगळं त्या कोडमध्ये असतं, आणि तो कोड एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. दुसऱ्या प्रोसेसरच्या मशीनमध्ये ते कार्ड घातलं की पडदा काळाच राहतो. यावर लोकांनी काय केलं ते पाहा. अल्फा मशीनच्या एसआरएम कन्सोलमध्ये, म्हणजे तिच्या फर्मवेअरमध्ये (बूट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), एक्स८६चा इम्युलेटरच (नक्कल करणारा प्रोग्राम) भरला होता, फक्त व्हीजीए बायॉस (कार्डाच्या रॉममधला तो एक्स८६ कोड) चालवता यावा म्हणून. यू-बूट या खुल्या बूटलोडरमध्ये तसाच बायॉस इम्युलेटर आहे, कोअरबूट या खुल्या फर्मवेअरमध्ये याबेल नावाचा आहे. आज एआरएमच्या काही युईएफआय (बायॉसची जागा घेणारं नवं मानक) फर्मवेअरमध्ये ६४ बिटी एक्स८६ ड्रायव्हर चालवणारा इम्युलेटर घालतात. एका ओळीचा मजकूर दिसावा म्हणून दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करायची, हा बंद हार्डवेअरनं लादलेला भार आहे. तुमचं हार्डवेअर खुलं आहे, रचना तुमच्या हातात आहे. तोच भार पुन्हा उचलायचं काहीच कारण नाही.

आता कार्डानं स्वतः उजळायचं म्हणजे नेमकं काय? इथे एफपीजीएची सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे, आणि बहुतेक नवे प्रकल्प तिथेच अडकतात. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांनुसार रीसेट संपल्यावर २० मिलिसेकंदांच्या आत कार्डानं लिंक जुळवायला सुरुवात करायला हवी, आणि साधारण १०० मिलिसेकंदांनंतर फर्मवेअर त्याला हाक मारू शकतं. समजा तुमची बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायची रचनेची फाइल) ४० मेगाबिटची आहे आणि ती ५० मेगाहर्ट्झच्या एकेरी एसपीआय फ्लॅशमधून येते. नुसतं भरायलाच ०.८ सेकंद लागतील. चौपदरी एसपीआय वापरला तरी ०.२ सेकंद. तोवर फर्मवेअर स्लॉट रिकामा समजून पुढे गेलेलं असतं. लिंक एकदा जुळली की 'थोडं थांबा' असं उत्तर देऊन कार्ड रीसेटपासून सुमारे एक सेकंदापर्यंत वेळ मागू शकतं, पण तेवढं उत्तर द्यायलाही लिंक जुळलेली असावी लागते. जुन्या पीसीआयवर मुभा जास्त होती: रीसेटनंतर पहिली कॉन्फिगरेशन हाक येईपर्यंत २ चा २५ वा घात इतकी घड्याळ-चक्रं, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झवर सुमारे एक सेकंद.

उपाय दोन आहेत. एक, डिझाइनचे दोन तुकडे करायचे: बसशी बोलणारा छोटा भाग आधी भरायचा आणि उरलेलं नंतर. दुसरा उपाय म्हणजे बसचं तोंड वेगळ्या, स्वतःच्या आतल्या फ्लॅशमधून लगेच जाग्या होणाऱ्या छोट्या चिपमध्ये ठेवायचं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपन ग्राफिक्स प्रोजेक्टच्या ओजीडी१ बोर्डावर दुसऱ्या प्रकारची रचना होती. मुख्य काम झायलिंक्सच्या स्पार्टन-३ मालिकेतल्या मोठ्या एफपीजीएकडे आणि पीसीआयची बाजू लॅटिसच्या एक्सपी१० चिपकडे. माझ्या मते ही त्या बोर्डातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे. बस आणि मजकूर लवकर जागे व्हावेत, त्रिमितीय चित्रं सावकाश आली तरी चालतील.

आता मजकूर. ८० स्तंभ आणि २५ ओळी, प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा: एकूण ४००० बाइट. २५६ अक्षरांचा ८ बाय १६ पिक्सेलचा फॉन्ट म्हणजे ४०९६ बाइट. दोन्ही मिळून आठ किलोबाइटच्या आत. एवढी जागा अगदी छोट्या एफपीजीएच्या ब्लॉक रॅममध्येही (चिपच्या आतल्या मेमरीत) असते. याचा अर्थ असा की मजकूर दाखवायला बाहेरच्या डीडीआर मेमरीची गरजच नाही. डीडीआर जुळवणं हे खुल्या डिझाइनमधलं सर्वांत नाजूक काम आहे आणि बोर्ड नवा असताना तेच हमखास बिघडतं. नेमक्या त्याच वेळी स्क्रीनवर काहीतरी दिसण्याची गरज सर्वांत जास्त असते.

ओपन ग्राफिक्स प्रोजेक्टनं वेगळा मार्ग निवडला होता. एक चिमुकला नियंत्रक मजकुराची मेमरी सतत वाचायचा आणि अक्षरांचे पिक्सेल बनवून फ्रेमबफरमध्ये (पडद्यावरच्या चित्राच्या मेमरीत) रंगवायचा. त्यात सौंदर्य आहे. चित्र बाहेर जाण्याची वाट एकच राहते आणि व्हीजीएचे सगळे चमत्कारिक नियम सॉफ्टवेअरमध्ये हाताळता येतात. तरीही मी पहिल्या टप्प्यासाठी अक्षरं थेट स्कॅनआउटमध्येच (चित्र मॉनिटरकडे पाठवतानाच) बनवा असं सांगेन. स्तंभ म्हणजे क्षैतिज मोजणी भागिले ८, ओळ म्हणजे उभी मोजणी भागिले १६, उरलेल्या बिटांवरून फॉन्टमधला ठिपका. दोन-तीन चक्रांची पाइपलाइन पुरते. लायटेक्स या खुल्या एफपीजीए-डिझाइन संचात याच धर्तीचा व्हिडिओ टर्मिनल कोअर तयार मिळतो, तो वाचून बघा. मजकूर आणि फ्रेमबफर यांच्यात निवड करणारा एक मल्टिप्लेक्सर लागेल, पण त्याची किंमत नगण्य आहे.

सुरुवातीचा मोड कोणता? ६४० बाय ४८०, ६० हर्ट्झ, २५.१७५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक. व्हीजीएचा खरा मजकूर मोड ७२० बाय ४००, ७० हर्ट्झ, २८.३२२ मेगाहर्ट्झ असा आहे. त्यात घर ९ पिक्सेल रुंद असतं आणि सी० ते डीएफ या सांकेतिक अक्षरांचा आठवा स्तंभच नवव्यात पुन्हा काढतात, म्हणजे चौकटीच्या आडव्या रेषा तुटत नाहीत. तो मोड नंतर जोडा. पहिल्या क्षणी मॉनिटरचा ईडीआयडी (कुठले मोड चालतात ते सांगणारी त्याची नोंद) वाचलेला नसतो, आणि ६४० बाय ४८० हा डीव्हीआयवर सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. प्रत्येक रंगवाहिनीवर २५१.७५ मेगाबिट प्रति सेकंद इतकाच वेग लागतो, तो साध्या एफपीजीएच्या पिनाही देतात. २५ ओळींची उंची ४०० होते, वर आणि खाली ४०-४० रेषा काळ्या सोडा. डिस्प्लेपोर्टला लिंक जुळवण्यासाठी मॉनिटरशी संवाद करावा लागतो, म्हणून बूटचा मजकूर आधी डीव्हीआय किंवा एचडीएमआय वाटेवरच द्या.

आता एक्स८६ आणि व्हीजीए. किती व्हीजीए पुरेसं आहे हे ठरवताना मापदंड एकच ठेवा: बूट होताना कोण काय वापरतं? बायॉसवर चालणारे बूटलोडर आयएनटी १० या बायॉसच्या व्हिडिओ सेवेचे कॉल करतात, ते तुमचा रॉम सांभाळेल. पण लिनक्सचा व्हीजीए कन्सोल आणि बरेच छोटे बूट प्रोग्राम थेट बी८००० या पत्त्यावर लिहितात, रॉमला विचारतही नाहीत. म्हणून नुसता फ्रेमबफर ठेवून मजकुराची नक्कल रॉमच्या कॉलमध्ये केली तर ते लिखाण कुठेच दिसत नाही. मजकुराची घरं हार्डवेअरमध्ये हवीत याचं एक्स८६वरचं खरं कारण हे आहे.

तिथे लिहिलेलं परत वाचताही यायला हवं. लिनक्स आधी एए५५ आणि ५५एए असे आकडे लिहून वाचून बघतो आणि मगच मेमरी आहे असं मानतो. सीआरटीसीची (व्हीजीएच्या पडदा-नियंत्रकाची) ३डी४ आणि ३डी५ ही दारं (आय-ओ पोर्ट) हवीत, त्यात कर्सरचं स्थान सांगणारी ०ई, ०एफ आणि सुरुवातीचा पत्ता सांगणारी ०सी, ०डी ही रजिस्टरं खरी चालली पाहिजेत, कारण स्क्रोल त्यांच्यावर होतो. रंगांच्या तक्त्यासाठी ३सी८ आणि ३सी९. ३डीए वाचलं की ३सी० चा फ्लिप-फ्लॉप मूळ स्थितीत यायला हवा. त्याच ३डीएमधला उभ्या रिट्रेसचा (एक चित्र संपल्याचा) बिट खरोखर वर-खाली व्हायला हवा. तो स्थिर ठेवला तर जुने प्रोग्राम त्याची वाट पाहत कायमचे थांबतात, आणि दोष कुठे आहे ते शोधायला फार वेळ जातो. फॉन्ट बदलण्यासाठी व्हीजीए मेमरीच्या तिसऱ्या प्लेनमध्ये (थरात) लिहिण्याची सोय ठेवली तर उत्तम, तिथे प्रत्येक अक्षराला ३२ बाइटांची जागा असते. चार प्लेनचे सोळा रंगांचे ग्राफिक मोड, लॅच, फिरवणं-मिसळणं हे सगळं पहिल्या आवृत्तीत बिनधास्त वगळा.

रॉमच्या एक्स८६ भागासाठी कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. सीव्हीजीएबायॉस खुला आहे, बराचसा सी भाषेत आहे, त्यात तुमच्या हार्डवेअरचा छोटा भाग जोडणं शक्य आहे. आणि या भागावर किती जीव टाकायचा तेही तपासा. इंटेलनं २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत जुन्या बायॉसचा आधार काढून घेण्याचा त्यांचा बेत आहे. अनेक नव्या बोर्डांवर तो खरोखर उरलेला नाही. मात्र खुलं कार्ड वापरणाऱ्यांकडे जुनी मशीनं पुष्कळ असतात, म्हणून मी हा भाग टाकून देणार नाही.

एकाच रॉममध्ये अनेक आर्किटेक्चर ठेवण्याची सोय पीसीआयनं पहिल्यापासून दिलेली आहे, आणि ती फार कमी वापरली जाते याचं मला वाईट वाटतं. रॉम म्हणजे प्रतिमांची साखळी. प्रत्येक प्रतिमा ५१२ बाइटांच्या सीमेवर सुरू होते, पहिले दोन बाइट ५५ एए, आणि हेक्साडेसिमल १८ या अंतरावर पीसीआयआर नावाच्या तक्त्याचा पत्ता. त्या तक्त्यात उत्पादक आणि उपकरणाचे क्रमांक, प्रतिमेची लांबी आणि कोडचा प्रकार असतो: ० म्हणजे एक्स८६, १ म्हणजे ओपन फर्मवेअर, ३ म्हणजे ईएफआय. शेवटच्या प्रतिमेवर एक बिट लावायचा. फर्मवेअर साखळीतून आपल्या कामाची प्रतिमा उचलतं, बाकीच्यांकडे बघत नाही. एक्स८६ प्रतिमेच्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६नं पूर्ण भाग जाईल अशी ठेवायला विसरू नका. क्रमांक कार्डाच्या कॉन्फिगरेशनशी जुळले नाहीत तर प्रतिमा गुपचूप नाकारली जाते.

ओपन फर्मवेअर हा माझ्या आवडीचा भाग. त्याच्या १९९४ च्या आयईईई १२७५ मानकात एफकोड नावाचा, फोर्थ या भाषेवर आधारलेला बाइटकोड आहे. सन, ॲपलची पॉवरपीसी मशीनं, आयबीएमची पॉवर मशीनं हाच कोड समजायची. प्रोसेसर कुठलाही असो, बाइट तेच. कार्ड स्वतः उजळलेलं असेल तर एफकोडला काम उरतं ते एवढंच: मेमरीचा भाग नकाशावर आणायचा, उपकरणाचा प्रकार डिस्प्ले आहे असं सांगायचं, रुंदी, उंची, एका ओळीचे बाइट आणि खोली हे गुणधर्म नोंदवायचे, फॉन्ट लावायचा आणि एफबी८-इन्स्टॉल बोलवायचं. हे एका पानात मावतं. अट एक आहे: एफबी८ ही तयार पद्धत पिक्सेलला ८ बिट धरते. म्हणून हार्डवेअरमध्ये रंगतक्त्यासह ८ बिटी रेखीय मोड नक्की ठेवा, नाहीतर अक्षरं रंगवणारा कोड फोर्थमध्ये स्वतः लिहावा लागेल. नोंदवलेले हेच गुणधर्म लिनक्सचा ऑफबी ड्रायव्हरही वाचतो, म्हणजे कर्नलपर्यंतची सोय त्याच कष्टात होते.

युईएफआयला मात्र ८ बिटी मोड चालत नाही. त्याच्या जीओपी या ग्राफिक्स प्रोटोकॉलला पिक्सेलचा सरळ रंग हवा, व्यवहारात ३२ बिटी. तुम्ही दोन्ही मोड ठेवलेत की प्रश्न मिटतो. जीओपी ड्रायव्हर लिहिला की अक्षरं रंगवण्याचं काम फर्मवेअरचा स्वतःचा ग्राफिक्स कन्सोल करतो. त्याच्या अक्षराचा साचा ८ बाय १९ असतो, आणि २५ ओळींना ४७५ रेषा लागतात, म्हणजे ६४० बाय ४८० मध्ये बरोबर बसतं. डीडीआर जुळलीच नाही तर ड्रायव्हरनं जीओपीऐवजी साधा मजकूर-प्रोटोकॉल थेट तुमच्या घरांवर प्रकाशित करावा. हे चालतं, आणि फार कमी लोक करतात.

युईएफआयच्या प्रतिमा प्रोसेसरनुसार वेगळ्या. ईबीसी नावाचा सामाईक बाइटकोड मानकात आहे, पण तो सगळीकडे चालेल असं धरून बसू नका. त्यापेक्षा तोच सी कोड एक्स८६-६४, एआरएम ६४ आणि रिस्क-फाइव्ह ६४ यांच्यासाठी तीनदा संकलित करा, संकुचित करा आणि ईडीके२ या युईएफआयच्या खुल्या कोडसंचातल्या ईएफआयरॉम या साधनानं एका साखळीत ओवा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली प्रतिमा नाकारली जाते. खुल्या कार्डाच्या मालकाला स्वतः बनवलेला रॉम चालवता यायलाच हवा, म्हणून आपली किल्ली किंवा प्रतिमेचा हॅश फर्मवेअरच्या यादीत कसा घालायचा ते तुमच्या दस्तऐवजात सुरुवातीलाच लिहा.

वर सांगितलेला बायॉस इम्युलेटर सोडला तर यू-बूट रॉम वाचण्याच्या भानगडीत पडत नाही असंच धरा. तिथे तुमचा छोटा ड्रायव्हर मूळ प्रकल्पात दाखल करणं हाच मार्ग. ओपनपॉवर मशीनांवर पेटिटबूट म्हणजे लिनक्स कर्नलच बूटलोडर असतो, त्यामुळे कर्नलमधला ड्रायव्हर तिथे फर्मवेअरचंही काम करतो.

एआरएम, पॉवर आणि रिस्क-फाइव्हवर एक गोष्ट डिझाइन ठरतानाच लक्षात घ्या. बऱ्याच होस्ट ब्रिजवर (प्रोसेसर आणि बस जोडणाऱ्या भागावर) ३सी० सारखी आय-ओ दारं किंवा बसवरचे पहिल्या एका मेगाबाइटमधले पत्ते गाठताच येत नाहीत. म्हणून जे काही बी८००० वर आणि त्या दारांवर आहे, ते सगळं साध्या मेमरी बारमधूनही (कार्डाला नेमून दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यातूनही) दिसलं पाहिजे. एकच मेमरी, दोन खिडक्या. एक्स८६वरही मशीनमध्ये दोन कार्डं असली तर ब्रिजचा व्हीजीए बिट एका वेळी एकाच वाटेला लावलेला असतो, दुसऱ्या कार्डाला बारचाच आधार. वर्गसंकेत (कार्डाचा प्रकार सांगणारा हेक्साडेसिमल आकडा) जुना व्हीजीए चालू असताना ०३००००, बंद असताना ०३८०००, आणि ही निवड बोर्डावरच्या जंपरनं करता यावी.

बाइटक्रमाबद्दल (मोठ्या आकड्यातला कुठला बाइट आधी, याबद्दल) वाद घालण्यात लोक आठवडे घालवतात. घर म्हणजे दोन बाइट असं लिहा, १६ बिटी शब्द असं लिहू नका, म्हणजे मजकुराचा प्रश्न उरत नाही. ३२ बिटी पिक्सेलसाठी बाइट उलटे करणारी दुसरी खिडकी द्या. हार्डवेअरमध्ये त्या नुसत्या तारा आहेत, सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो प्रत्येक ड्रायव्हरला पडणारा भुर्दंड होतो.

कर्नलकडे सूत्रं जाताना काय होतं? युईएफआयवर जीओपीची माहिती, डिव्हाइस ट्रीवर (हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या तक्त्यात) सिंपल-फ्रेमबफर नोंद, आणि लिनक्स ५.१४ पासून असलेला सिंपलडीआरएम हा साधा ड्रायव्हर ती उचलून खरा ड्रायव्हर येईपर्यंत चित्र चालू ठेवतो. त्या मधल्या काळात कार्डानं स्वतःहून काहीही बदलू नये. बूटचं स्कॅनआउट ड्रायव्हरनं स्पष्ट आज्ञा देईपर्यंत तसंच राहू द्या. आणि मशीन झोपेतून उठतं तेव्हा रॉम पुन्हा चालेल याची खात्री नसते. नेहमीच्या कार्डांचे ड्रायव्हर तिथे बरीच कसरत करतात. स्वतः उजळणारं कार्ड वीज परत आली की पुन्हा आपल्या ठरलेल्या मोडमध्ये उभं असतं.

फॉन्टबद्दल एक बाजूचा मुद्दा. २५६ घरांच्या तक्त्यात, किंवा व्हीजीएच्या ५१२ च्या तक्त्यातही, देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिपी नीट मावत नाहीत, आणि युईएफआयचा कन्सोल अक्षरं जोडत नाही. बूटच्या पहिल्या टप्प्यात हे सोडवायचा प्रयत्न करू नका. रेखीय फ्रेमबफर लवकर मिळाला तर बूटलोडरचा मेनू त्या लिप्यांत रंगवता येतो, आणि ते करणं मोलाचं आहे.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन: पहिली ओळ कार्डानं स्वतः लिहावी. बिटस्ट्रीमची आवृत्ती, लिंक जुळली का आणि किती पदरी, डीडीआरची चाचणी पास झाली का, रॉम कुणी वाचला का, बारला पत्ता मिळाला का. हे छोट्या नियंत्रकानं मजकुराच्या घरांत टाकायचं, आणि यजमानानं पहिला बाइट लिहिला की ओळ त्याच्या हवाली करायची. अनोळखी बोर्डावर कार्ड लावणाऱ्याला 'रॉम वाचला नाही' आणि 'रॉम वाचला पण बार मिळाला नाही' यांतला फरक स्क्रीनवर दिसला, तर तो लॉजिक ॲनालायझरशिवायही नेमकी तक्रार नोंदवू शकतो.

चाचणीचा क्रम असा ठेवा. आधी कार्डाचं मॉडेल क्यूईएमयू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहा. तिथलं बॉक्स-डिस्प्ले हे जुन्या व्हीजीएशिवायचं उपकरण नमुना म्हणून चांगलं आहे. त्या मॉडेलला तुमचा खरा रॉम द्या आणि तीच फाइल सीबायॉस या खुल्या बायॉसवर, एक्स८६, एआरएम आणि रिस्क-फाइव्हच्या ईडीके२ वर चालवा. पॉवरवर आयबीएमचं स्लॉफ हे ओपन फर्मवेअर आहे, एफकोड त्याच्यावर तपासता येतो. तिथे बिग-एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणारा) कर्नलही बूट करून बघा. बाइटक्रमाच्या चुका तिथेच उघड्या पडतात. मग बोर्ड घ्या, आणि पहिल्या दिवशी डीडीआरची चिप मुद्दाम बंद ठेवून मजकूर येतो का ते बघा.